अंधार काया असते काय?

पॉलिमरमधून उजेड काढायचा तर दोघांची भेट व्हावी लागते. एक इलेक्ट्रॉन. दुसरी, इलेक्ट्रॉन नसल्याची जागा. तिला प्रयोगशाळेत सगळे 'होल' म्हणतात. एका बाजूच्या धातूतून इलेक्ट्रॉन आत शिरतात. दुसऱ्या बाजूला पारदर्शक, वीजवाहक लेप दिलेली काच असते. ती पॉलिमरमधले इलेक्ट्रॉन ओढून घेते, म्हणजेच आत होल सोडते. दोघं साखळीवरून एकमेकांकडे सरकतात, गाठ पडते, दोघंही संपतात आणि प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो. माझी सगळी नोकरी या भेटीभोवती गेली.

मी अकोल्याची. शिकवलं अमरावतीत, रसायनशास्त्र. आता निवृत्त आहे, आणि तासाची घंटा वाजली की जो प्रश्न मी फळ्यासोबत पुसून टाकत असे तो आता रिकामपणी उठून बसला आहे. जे नाही ते चालतं कसं? आणि मुळात 'नाही' हे कळतं कसं?

पहिल्या प्रश्नाचं वर्गातलं उत्तर सोपं होतं. नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाची रांग गांधी चौकापर्यंत येते. गाभाऱ्यासमोरची बाई ओटी भरून बाजूला झाली की तिच्या जागी मागची सरकते, तिच्या जागी तिच्या मागची. माणसं एकेक पाऊल पुढे जातात, आणि मोकळी जागा मात्र देवीकडून निघून रांगेच्या शेवटापर्यंत धावत जाते. मुलांना हे पटकन समजायचं, कारण त्या रांगेत प्रत्येक जण उभा राहिलेला असायचा. मला ते समजलं आहे असं मात्र मला कधी वाटलं नाही.

हे काम माझ्यापर्यंत आलं ते एका निबंधातून. ११ ऑक्टोबर १९९० च्या 'नेचर'मध्ये केंब्रिजच्या मंडळींनी छापलं की पॉलिफेनिलीन व्हिनिलीन, म्हणजे पीपीव्ही, या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यातून वीज सोडली की तो पिवळसर हिरवा उजळतो. जेरेमी बरोज हा तेव्हाचा तरुण संशोधक, रिचर्ड फ्रेंड आणि डोनल ब्रॅडली हे भौतिकशास्त्रज्ञ, आणि यादीत सर्वांत शेवटी अँड्र्यू होम्स हा रसायनशास्त्रज्ञ. पापुद्रा सुमारे ७० नॅनोमीटरचा, वीज १४ व्होल्टच्या आतबाहेर, आणि कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.०५ टक्के. म्हणजे दोन हजार इलेक्ट्रॉन खर्चा, एक प्रकाशकण मिळवा. आज या आकड्याला कोणी हसेल. पण मी ती पानं वाचली तेव्हा माझं लक्ष आकड्याकडे नव्हतंच, ते यादीतल्या शेवटच्या नावाकडे होतं.

होम्स हा मूळचा मेलबर्नचा माणूस. लंडनला पीएच.डी. केली, झुरिकला एशेनमोझर यांच्याकडे बी-१२ जीवनसत्त्वाच्या संश्लेषणात हात घातला, १९७२ मध्ये केंब्रिजला आला. निसर्गातले गुंतागुंतीचे रेणू बांधणं हा त्याचा धंदा. वीज, पडदा, दिवा यांच्याशी त्याचा संबंध काय? तर असा की पीपीव्ही कशातच विरघळत नाही. न विरघळणाऱ्या वस्तूचा पातळ, सपाट थर देणार कसा? यावरची युक्ती भौतिकवाल्यांच्या हातची नव्हती. आधी एक दुसरंच, विरघळणारं पॉलिमर करायचं, त्याचा थर काचेवर फिरवून पसरायचा, आणि मग तो निर्वात जागेत अडीचशे अंशांच्या वर काही तास तापवायचा. तापवल्यावर साखळीतून गंधकाचा एक गट आणि हायड्रोजन क्लोराइड निघून जातात, आणि ते जिथून गेले नेमका तिथेच दुहेरी बंध तयार होतो. एकेरी, दुहेरी, एकेरी, दुहेरी अशी ओळ लागली की इलेक्ट्रॉनांना साखळीभर वावरता येतं. काहीतरी गेल्याशिवाय ही वाट उघडत नाही. लोक उजेडाचं श्रेय भौतिकशास्त्राला देतात ते देऊ देत. जाणाऱ्याला नेमकं कुठून जाऊ द्यायचं, हे ठरवणारा माणूस रसायनाचा होता.

हे संश्लेषण मी अमरावतीत केलं. प्रक्रिया शून्य अंशाला, नायट्रोजनच्या आवरणात. आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला शून्य अंश म्हणजे काय ते सांगायला नको. बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून रिक्षातून यायची आणि प्रयोगशाळेच्या पायऱ्यांपर्यंत पोचता पोचता निम्मी व्हायची. तापवताना निघणाऱ्या गंधकाच्या संयुगाला असा वास की शेजारच्या विभागातून माणूस धावत आला: "मॅडम, सिलिंडर लिक हाय काय?" थर देऊन झालेल्या काचा मी पुण्याला न्यायची, कारण वर ॲल्युमिनियमचा थर चढवायचं यंत्र तिकडे होतं. जाताना मांडीवर डबा, डब्यात सिलिका जेल, आणि गाडी बडनेऱ्याहून निघाली की शेजारची बाई विचारणार, "कायचे लाडू हायत?"

वऱ्हाडात असलं काम करणारी मी एकटीच होते असा आव आणत नाही. अमरावतीच्याच भौतिकशास्त्राच्या मंडळींनी पॉलिपायरोल या वाहक पॉलिमरपासून कार्बन डायऑक्साइड ओळखणारा सेन्सर करून २००८ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला. नागपूरला संजय ढोबळे आणि थेजो कल्याणी यांनी सेंद्रिय दिव्यांवर काम केलं. २०१७ साली हेंड्रिक स्वार्ट यांच्यासोबत त्यांचं जाडजूड पुस्तकही आलं. माझं काम यापेक्षा लहान आणि जास्त हटवादी होतं. मी काळे डाग मोजत असे.

काळे डाग म्हणजे काय ते सांगते. असा दिवा पेटवून ठेवला की काही वेळाने उजळ चौकोनावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसू लागतात. वरच्या धातूच्या थराला कुठेतरी सूक्ष्म छिद्र असतं, तिथून पाण्याची वाफ आत शिरते, धातूच्या कडेला ऑक्साइड धरतो आणि तेवढ्या जागेत इलेक्ट्रॉन आत येणं थांबतं. मग ठिपका वाढत जातो, गोल. प्राणवायू वेगळाच उपद्व्याप करतो: साखळीतला दुहेरी बंध तोडून तिथे कार्बोनिल गट बसवतो, आणि असा एखादा गट आजूबाजूच्या बऱ्याच लांबीचा उजेड गिळतो. म्हणून जगभर असे दिवे काचेच्या झाकणाखाली कडा चिकटवून बंद करतात. आत ओल शोषणारी भुकटी ठेवतात. श्रावणातल्या अमरावतीत माझी ही झाकणं किती टिकत, यावर माझे काही निबंध निघाले. कोणी फारसे वाचले नाहीत.

एक दिवस बी.एस्सी.चा दर्यापूरकडचा एक मुलगा माझ्या खांद्यावरून सूक्ष्मदर्शकात डोकावला. गावाकडे लोडशेडिंग असलं की रात्र रात्र वीज नसायची असे ते दिवस. त्याने विचारलं, "मॅडम, हा डाग काया हाय का तिथं काईच नाई? अंधार काया असते काय?"

मी त्याला म्हटलं, तिथून प्रकाश येत नाही, एवढंच. तो म्हणाला, "मंग दिसते कसा?"

हा मुलगा पुढे बँकेत लागला. त्याचा प्रश्न मी अकोल्याला जठारपेठेत मामांकडे घेऊन गेले. मामा संस्कृतचे शिक्षक. काचबिंदूने तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, पण कोणतं पुस्तक कोणत्या फळीवर हे हातांना पाठ होतं. त्यांनी मला अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' काढायला लावला, आठल्ये आणि बोडस यांनी संपादलेला, मुंबई संस्कृत मालिकेतला. ही आवृत्ती पहिल्यांदा १८९७ साली निघाली. "द्रव्यांपाशी उघड," म्हणाले. "तुझा विद्यार्थी तिथे आधीच येऊन बसला आहे."

खरंच बसला होता. वैशेषिकांची द्रव्यं नऊ: पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश, काल, दिशा, आत्मा, मन. अन्नंभट्टाने आपल्याच ग्रंथावर लिहिलेल्या 'दीपिके'त लगेच एक शंकाकार उभा राहतो. तो म्हणतो, दहावं द्रव्य का नाही? अंधार काळा दिसतो, म्हणजे त्याला रंग आहे. तो सरकताना दिसतो, म्हणजे त्याला गती आहे. रंग आणि गती द्रव्याशिवाय कुठे राहतात? भाट्ट मीमांसकांचं मत हेच: अंधार हे एक द्रव्यच आहे. नैयायिकाचं उत्तर असं की रंग असलेली कोणतीही वस्तू पाहायला उजेड लागतो, आणि अंधार तर उजेड नसतानाच दिसतो. म्हणून अंधार ही वस्तू नाही, तो उजेडाचा अभाव आहे. त्याचा काळेपणा भ्रम. त्याची चाल हाही भ्रम: दिवा हलतो, सावली चालल्यासारखी वाटते.

मामांना मी म्हटलं की या दोघांचे पडदे आता बाजारात मिळतात. जुन्या एलसीडी पडद्यामागे दिवा सतत जळत असतो. काळं दाखवायचं असेल तिथे द्रवस्फटिक तो उजेड अडवतात. पूर्ण अडत नाही, म्हणून रात्री खोलीतला दिवा घालवला की त्या पडद्याचा काळा करडा दिसतो. तिथे काळं ही करावी लागणारी गोष्ट आहे. सेंद्रिय दिव्यांच्या, म्हणजे ओएलईडी पडद्यावर प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि काळं हवं असेल तिथे वीजच जात नाही. एक पडदा भाट्टांचा, एक नैयायिकांचा. मामा खूश झाले आणि लगेच चूक काढली. "एलसीडीतही डोळ्याला कळतो तो उजेडाचा अभावच. अडवणारी वस्तू द्रव्य आहे, अंधार नव्हे. तू भिंतीला सावली समजते आहेस." बरोबरच होतं. नैयायिकाशी वाद घालताना उपमा जपून वापरावी.

मग त्यांनी मला माझ्या होलबद्दल विचारलं, आणि ती दुपार संध्याकाळपर्यंत लांबली.

वैशेषिकांच्या जुन्या यादीत पदार्थ सहाच होते. सातवा, अभाव, नंतर रुजला. शिवादित्याच्या तर ग्रंथाचं नावच 'सप्तपदार्थी'. भूतलावर घट नाही, हे मला दिसतं. काय दिसतं? प्राभाकर मीमांसक म्हणतो, नुसतं भूतल दिसतं, आणखी काही नाही. अभाव नावाचा वेगळा पदार्थ मानायचं कारण नाही. नैयायिक म्हणतो, नुसतं भूतल दिसणं आणि 'इथे घट नाही' हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभाव नेहमी कशाचा तरी असतो, तो त्याचा प्रतियोगी. आणि कुठेतरी असतो, ते त्याचं अधिकरण. या दोन्हींशिवाय अभाव नाही. माझ्या होलला हे तंतोतंत लागू पडत होतं. होल म्हणजे मोघम पोकळी नव्हे. ती इलेक्ट्रॉनची उणीव, साखळीच्या अमुक तुकड्यावरची. आणि प्राभाकराचं म्हणणं भौतिकशास्त्राच्या पहिल्या तासाला सांगतात तेच आहे: होल वगैरे खरं काही नसतं, उरलेल्या असंख्य इलेक्ट्रॉनांचा हिशेब सोपा व्हावा म्हणून तसं म्हणायचं.

पण दुसऱ्या तासाला तोच शिक्षक होलला वजन देतो, वेग देतो, धन विद्युतभार देतो. सिलिकॉनच्या योग्य तुकड्यात हॉल परिणाम मोजला तर चिन्ह धन येतं, जणू धन कणच वाहताहेत. पीपीव्हीत तर नसणं असण्यापेक्षा चपळ: इलेक्ट्रॉन वाटेतल्या दोषांत अडकून पडतात, होल पुढे निघून जातात. आणि याच शास्त्राच्या पायाशी काय आहे? १९७७ साली शिराकावा, मॅकडिअर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनला आयोडीनची वाफ दिली. आयोडीनने त्यातले इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि वाहकता कोटी पटीच्या घरात वाढली. २००० सालचं रसायनाचं नोबेल त्या तिघांना मिळालं. वीज वाहू लागली ती काढून घेतल्यामुळे.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन ठिकाणी बोट ठेवलं. एक, अभावाला गती नसते. गुण आणि कर्म राहतात ते द्रव्यात. म्हणून होल चालत असेल तर एकतर तो द्रव्य आहे, नाहीतर त्याची चाल सावलीसारखी, दुसऱ्या कोणाच्या चालण्यावरून भासणारी. आमचे भौतिकवालेही हेच सांगतात: इलेक्ट्रॉन उलट दिशेने उड्या मारतात. दोन, इलेक्ट्रॉन काढून झालेला अभाव तर्कशास्त्रात बसवायचा कुठे? नाशानंतरचा तो प्रध्वंसाभाव, त्याला आरंभ असतो पण अंत नसतो; फुटलेला तोच घट पुन्हा होत नाही. तुझ्या होलला तर अंत आहे, इलेक्ट्रॉन आला की तो भरतो. मग तो काही काळापुरता अभाव, काही नैयायिकांनी मानलेला सामयिकाभाव म्हण हवं तर, पण ते सगळ्यांना मान्य नाही. मी वहीत लिहून घेत होते. त्यांना दिसत नव्हतं, पेनाचा आवाज मात्र कळत होता. "हे निबंधात घालू नकोस," म्हणाले, "नोकरी जाईल."

त्याच संध्याकाळी मी त्यांना ते विचारलं जे विचारायला इतकी वर्षं धजले नव्हते. मामा, तुम्हाला आता काळं दिसतं का?

"नाही," ते म्हणाले. "काळं दिसायला डोळे लागतात."

आणि मग त्यांनी जो नियम सांगितला त्याने माझ्या डोक्यातलं सगळं नव्याने मांडून दिलं. ज्या इंद्रियाने एखादी वस्तू कळते त्याच इंद्रियाने तिचा अभाव कळतो. वास नाही हे नाकाला कळतं, आवाज नाही हे कानाला. उजेड नाही हे कळायलाही डोळाच हवा. शिवाय ज्याचा अभाव सांगायचा त्याची ओळख आधी असावी लागते. म्हणून आंधळ्याच्या जगात अंधार आहे हे डोळसांचं म्हणणं मुळातच चुकीचं. अंधार ही डोळस माणसाची मिळकत आहे.

मला लगेच माधानचे गुलाबराव महाराज आठवले. आमच्या अमरावती जिल्ह्याचा हा माणूस, १८८१ साली लोणी टाकळीला जन्मला, नऊ महिन्यांच्या आसपास दृष्टी गेली, आणि १९१५ साली, चौतिसाव्या वर्षी पुण्याला देह ठेवला. एवढ्यात शंभरांवर ग्रंथ. सगळं ऐकून. लोक दुसऱ्याकडून वाचून घेत, ते ऐकत, लक्षात ठेवत आणि सांगत. डार्विन आणि स्पेन्सर यांच्याशीही त्यांनी असाच वाद घातला. (रसायनाची बाई म्हणून सांगते, त्यातलं सगळं मला पटत नाही. पटायला हवं असं त्यांनीही म्हटलं नसतं.) त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हणतात, आणि कीर्तनात हमखास 'अंधारातून प्रकाशाकडे' वगैरे वर्णन येतं. नियम लावून पाहिला तर ते वर्णन टिकत नाही. नऊ महिन्यांच्या बाळाने पाहिलेल्या उजेडाची आठवण पुढे राहत नाही. ज्याची ओळख नाही त्याची उणीव नाही. महाराजांकडे उजेड नव्हता, म्हणून अंधारही नव्हता. हे त्यांचं वचन नव्हे, माझं अनुमान. पण ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत, आणि ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'चं सातवं प्रकरण, सगळ्यांत लांब, खर्ची घातलं आहे ते अज्ञान नावाची काही वस्तूच नाही हे दाखवण्यासाठी. अंधार ही काही वस्तू आहे असं मानायला त्या घरात कोणी तयार झालं नसतं.

मामांचं तसं नव्हतं. त्यांनी साठ-पासष्ट वर्षं पाहिलं होतं. त्यांना काळं दिसत नसलं तरी उजेडाची उणीव होती, ती आठवणीतून होती, डोळ्यातून नव्हती. ते सकाळी ओसरीत बसत आणि उन्हाकडे चेहरा वळवत. नैयायिक याला काय म्हणेल हे मी त्यांना विचारलं नाही.

इथून प्रश्न देवाकडे वळला तो आपोआप, मी वळवला नाही. आमच्या घरी दोन माणसं 'देव नाही' म्हणत. एक माझे काका, खामगावला वकील, ठाम नास्तिक. दुसरी माझी आजी, जी मुलगा गेल्यावर काही महिने देवापुढे दिवा लावायची आणि म्हणायची, "नाई तू." शब्द तेच. काकांच्या वाक्याला तर्कशास्त्रात उत्तर आहे, आणि ते हजार वर्षं जुनं आहे. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ते दिलं: एखादी गोष्ट दिसण्याजोगी असेल आणि तरी दिसत नसेल, तरच 'नाही' म्हणता येतं. ईश्वर दिसण्याजोगा आहे असं कोणी म्हटलंच नाही, मग न दिसल्याने काय सिद्ध झालं? काकांचं 'नाही' म्हणजे जिथे नाक नाही तिथे वास नाही म्हणण्यासारखं. उदयनांचं हे उत्तर मला चतुर वाटतं आणि अपुरंही वाटतं, कारण त्याच न्यायाने 'आहे' म्हणणाराही अडकतो. म्हणूनच उदयनांना बाकीची पुष्कळ अनुमानं रचावी लागली. पण आजीचं काय? तिचं 'नाही' काकांसारखं रिकामं नव्हतं. त्याला प्रतियोगी होता आणि अधिकरण होतं: तोच, आणि तिच्या देवघरातला तो कोपरा. तर्काच्या भाषेत तिचा अभाव पक्का होता. काकांना नुसतं भूतल दिसत होतं.

भक्त ज्याला विरह म्हणतात तो हाच. पण मग नैयायिक अडवणार: ओळखीशिवाय उणीव नाही, आणि देव कोणी पाहिला आहे? ज्याला कधी भेटलो नाही त्याचा विरह कसा होईल?

याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. भागवताच्या दशम स्कंधात ती कृष्णाला आधी पाहत नाही, ऐकते. घरी येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं, तेवढ्यावर तिने ठरवलं, आणि एका ब्राह्मणाच्या हाती निरोप धाडला. अमरावतीची माणसं सांगतात की कृष्णाने तिला अंबादेवीच्या देवळातून नेलं, आणि आषाढीला कौंडिण्यपूरहून तिची पालखी आजही पायी पंढरपूरला जाते. एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर' लग्न जुळावं म्हणून मुलींना वाचायला लावायची रीत होती. मलाही लावलं होतं, तेव्हा मी त्यात फक्त पळवून नेणं पाहिलं. आता दिसतं की त्या मुलीने प्रमाणशास्त्रातली एक अडचण सोडवली होती. प्रतियोगीची ओळख डोळ्यानेच व्हावी असं नाही, शब्दाने होते. नैयायिकाला शब्द हे प्रमाण मान्यच आहे. बृहदारण्यकात जनक याज्ञवल्क्याला विचारतो, माणूस कोणत्या उजेडाने वावरतो? सूर्य. तो मावळला तर? चंद्र. तोही नसेल तर? अग्नी. तोही विझला तर? वाणी. त्याच्याही पुढे याज्ञवल्क्य जातो, पण गुलाबराव महाराजांच्या आयुष्यात पहिले तीन नव्हतेच. माधानचा तो मुलगा थेट चौथ्या उजेडात वाढला, आणि म्हणूनच त्याला कृष्णाचा विरह होऊ शकला.

होलची गोष्ट इथवर माझ्यासोबत आली. उणीव नेमकी असली, कशाची आणि कुठे ते ठाऊक असलं, तर ती काम करते, धावते, समोरून येणाऱ्याला गाठते. आजीच्या देवघरात मला हे पटतं. पण सरळ कबूल करायचं तर गणितही क्रूर आहे. इलेक्ट्रॉन आणि होल यांची भेट होताना त्यांच्या भ्रमणाचे चार प्रकार जुळू शकतात. साध्या पॉलिमरमध्ये त्यातला एकच उजेड देतो, तीन उष्णतेत विरून जातात. पुढे फॉरेस्ट आणि थॉम्प्सन यांनी १९९८ साली प्लॅटिनमचा, मग इरिडियमचा जड अणू घालून ते तीनही उजेडात आणले. तुमच्या हातातल्या फोनचा लाल आणि हिरवा त्या वाटेने आला. भेटीत काय मिळेल हे तिसरा कोण हजर आहे यावरही ठरतं. अध्यात्मात याला काय म्हणतात ते सांगायला माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत.

शेवटचा वाद मामांशी झाला तो यावरच. मी म्हटलं, पॉलिमरमध्ये भेट म्हणजे शेवट. इलेक्ट्रॉन होलमध्ये पडला की दोघंही उरत नाहीत, उजेड होतो आणि निघून जातो. अद्वैतही हेच ना? भक्त देवाला मिळाला, दोघं संपले. मग विरहाला शेवटी अर्थ काय?

"अद्वैताचं मला माहीत नाही," मामा म्हणाले. "पण महाराजांच्या मताचं नाव मधुराद्वैत आहे. एक झाल्यावरही प्रेम करायला दोघं राहतात, असं त्यांचं म्हणणं."

मी म्हटलं, असं कसं होईल? इलेक्ट्रॉन होलमध्ये पडला आणि तरी इलेक्ट्रॉन राहिला, होल राहिला, उजेडही होत राहिला, असं द्रव्य नाही.

"तू केलेलं नसेल," मामा म्हणाले, आणि पुस्तक परत फळीवर ठेवायला माझ्याकडे सरकवलं.